पालो अल्टोच्या छोट्या विमानतळावर

कॅलिफोर्नियातील १०१ क्रमांकाच्या महामार्गावरून एम्बार्कडेरो रोडने पूर्वेला वळले की काही मिनिटांतच ऑफिसांच्या इमारती मागे पडतात, आणि गोल्फचे मैदान व सॅन फ्रान्सिस्को उपसागराची दलदल यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पालो अल्टो शहराचा विमानतळ लागतो. त्याचा कारभार अनेक दशके सांता क्लारा काउंटीकडे होता. २०१४ मध्ये तो शहराने आपल्या हाती घेतला. येथून तिकीट काढून कोठेही जाता येत नाही. खासगी छोटी विमाने आणि वैमानिक घडवणाऱ्या शाळा हाच येथला मुख्य पसारा.

धावपट्टी एकच, २,४४३ फुटांची, म्हणजे जेमतेम ७४५ मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी हिच्या चौपटीहून लांब आहे. एका अंगाला सॅन कार्लोसचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला मॉफेट फील्डची धावपट्टी आणि डोक्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या विमानतळाचे नियंत्रित, म्हणजे परवानगीविना शिरता न येणारे, आकाश, अशा दाटीत सारे चालते, आणि माझ्या मते म्हणूनच ते पाहण्याजोगे आहे. वारा बहुधा वायव्येकडून असल्याने विमाने त्याला तोंड करून, वायव्येकडे उडतात आणि उजवीकडे वळून, वस्ती टाळत, पाण्याच्या बाजूने फेरी घेतात. बेलँड्स अभयारण्याच्या पायवाटेवरून ही फेरी दिसते.

आम्ही एका शाळेकडून ‘डिस्कव्हरी फ्लाइट’, म्हणजे प्रशिक्षकासोबतचे तोंडओळखीचे छोटे उड्डाण, घेतले. प्रशिक्षकाने पंखाखालच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढले आणि पेला उजेडाकडे धरून आम्हाला दाखवला: रंग फिकट निळा हवा, आणि तळाशी पाण्याचा थेंब नको, कारण पाणी इंधनाहून जड असल्याने खाली बसते आणि इंजिनात गेले तर ते बंद पडू शकते. खरे सांगायचे तर वरून दिसलेल्या मिठागरांच्या तांबूस-हिरव्या चौकटींपेक्षा मला हा पेलाच अधिक लक्षात राहिला. हौशी प्रवाशाला डावीकडे, वैमानिकाच्या जागी बसवतात आणि उंची गाठल्यावर थोडा वेळ सुकाणूही हाती देतात.

जाणाऱ्यांनी वेळ शक्यतो सकाळी दहा-अकराची घ्यावी. उन्हाळ्यात पहाटेचे खालचे ढग बहुधा तोवर विरतात आणि दुपारचा वारा अजून चढलेला नसतो. शाळा प्रत्येकाचे वजन विचारते, कारण इंधन आणि माणसे यांचा हिशेब त्यावरच बसवायचा असतो. तेथे संकोचाने आकडा कमी सांगू नये. बंद बूट घालावेत आणि पातळ जाकीट जवळ ठेवावे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढे ध्यानात घ्यावे की असे एखादे तोंडओळखीचे उड्डाण सहज करता येते, पण परवान्यासाठी रीतसर शिकायचे असेल तर अमेरिकी नागरिक नसलेल्यांना आधी ‘टीएसए’कडे, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडे, अर्ज करावा लागतो, तेव्हा शाळेचे पैसे भरण्यापूर्वी त्याची चौकशी करावी.