अस्तर खरवडलेली कडी

एम.फार्म.ला असताना उंदराच्या महाधमनीची पहिली कडी ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊती जिवंत ठेवून तिचा ताण रेघेने नोंदवणाऱ्या भांड्यात, लटकवली, तो दिवस अजून लख्ख आठवतो. तीनेक मिलिमीटरची कडी, 37 अंशांचं क्रेब्ज नावाचं क्षारद्रावण, त्यात बुडबुडणारा कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण). धमनी आवळणारं फिनाइलेफ्रिन घातल्यावर कडी छान आवळली. मग धमनी सैल करणारं ॲसिटिलकोलिन घातलं. रेघ खाली उतरायला हवी होती, पण ढिम्म हलेना. डोस वाढवला, तरी तेच. नीती समितीने उंदीर मोजून मंजूर केलेले. त्यातला एक गेला आणि हाती काही नाही. मला रडू आलं.

सरांनी एवढंच विचारलं, "चरबी काढताना चिमटा आत गेला होता का गं?" गेला होता. मग त्यांनी थेट स्नायूच सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड घालायला लावलं, आणि कडी झरझर सैलावली. स्नायू ठणठणीत होता. मी खरवडलं होतं ते आतलं अस्तर, एंडोथेलियम. पेशींचा जेमतेम एक थर.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवर 1980 साली हेच दाखवलं होतं: अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलिनने धमनी सैलावते. अस्तराकडून स्नायूकडे जाणारा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू, हे पुढे 1987 पर्यंत उलगडलं.

त्या दिवसापासून रक्तदाबाची औषधं मी अस्तराच्या बाजूने बघू लागले. नायट्रोप्रुसाइड तो वायू स्वतःच पुरवतं. ॲम्लोडिपिन स्नायूत शिरणारं कॅल्शियम अडवतं, म्हणून खरवडलेल्या कडीवरही चालतं. नेबिव्होलॉल मात्र अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड सोडवून घेतं. अस्तर नसेल तर त्याचा जोर ओसरतो. आणि एनालाप्रिल! ते धमन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-2 बनू देत नाही, एवढंच आम्ही पाठ केलेलं. पण ज्या एन्झाइमला ते अडवतं, तेच धमन्या सैल करणारं ब्रॅडीकायनिनही तोडत असतं. ब्रॅडीकायनिन टिकलं की ते अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं.

प्रबंधासाठी पुढे उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एल-नेम नावाचं रसायन मिसळलं. त्याने नायट्रिक ऑक्साइड बनायचंच थांबतं, आणि आठवड्यागणिक दाब चढत जातो. एनालाप्रिलने तो तरीही उतरला, कारण अँजिओटेन्सिनची वाट उरतेच. ते आकडे मी फार जपून घेतले. आधी शेपटी ऊबदार करायची, मग तिच्यावर दाब मोजायचा पट्टा, मग उंदीर शांत होईपर्यंत थांबायचं. घाबरलेल्या उंदराचं रीडिंग मी वहीत कधी लिहिलं नाही.