आमची वाटचाल : नाटकाच्या पत्रिकेचा कागद, शाई आणि उरलेले गठ्ठे

कुडाळात आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, काजूच्या पाकिटांची लेबलं यांवर घर चालतं. नाटकाच्या कार्यक्रमपत्रिका, तिकिटं आणि स्मरणिका ट्रेडल या जुन्या छपाई यंत्राच्या काळापासून येत आल्या आहेत. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहातला प्रयोग असो, रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहातला असो की गणपतीत गावच्या रंगमंचावर बसवलेलं हौशी नाटक असो, पत्रिकेचं आयुष्य फार तर तीन तासांचं. तेवढ्यासाठी किती कागद, किती अ‍ॅल्युमिनिअम आणि किती प्लास्टिक खर्ची पडतं याचा हिशेब आम्ही मांडायला लागलो, तसं आमचं काम बदलत गेलं. त्या बदलांची ही नोंद. नाट्यमंडळांना पुढची ऑर्डर देताना उपयोगी पडावी.

ट्रेडलवर पत्रिका म्हणजे एक रंग, खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवून लावलेला फॉर्म आणि हाताने घातलेला एकेक कागद. वेग कमी, त्यामुळे कुणी हजार प्रती मागत नसे. छापून झाल्यावर खिळे परत केसमध्ये (खणांच्या पेटीत) जात आणि झिजलेले वितळवले जात. शिशाचा त्रास होता, ते दिवस परत यावेत असं अजिबात नाही. पण कागद वाया जायचा तो मोजकाच. ट्रेडल अजून आहे. नंबरिंग, पर्फोरेशन (फाडायची भोकांची रेघ) आणि क्रीझिंग (घडीसाठी दाबून घेतलेली रेघ) यांना त्याच्याइतकं सोपं यंत्र नाही.

ऑफसेट आलं, म्हणजे धातूच्या प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर छपाई, आणि हिशेब उलटला. प्लेट, मशीन लावणं, रंग जुळवणं हा खर्च दोनशे प्रतींना तेवढाच आणि दोन हजारांना तेवढाच. पहिल्या तीनशे प्रती महाग पडतात, पुढच्या सातशे जवळपास कागदाच्या भावात निघतात. मग मंडळाचे खजिनदार म्हणतात, "एवढे पैसे देतोच आहोत, तर हजारच काढा." सभागृह चारशे खुर्च्यांचं आणि प्रयोग एक! उरलेले गठ्ठे कुणाच्या तरी माळ्यावर जातात आणि दोन पावसाळ्यांत कसर लागून संपतात. पत्रिकेचा पर्यावरणावरचा सगळ्यात मोठा भार हाच, आणि त्याचं मूळ आमच्या दरपत्रकात आहे. रिसायकल्ड कागद वापरून दुप्पट प्रती छापल्या तर हाती काहीच लागत नाही.

म्हणून ऑर्डर घेताना आम्ही आधी खुर्च्या विचारतो. आपल्याकडे नाटकाला माणसं जोडीने नाहीतर कुटुंबाने येतात, त्यामुळे दोन खुर्च्यांमागे एक प्रत धरतो. कलाकार, परीक्षक आणि मंडळाचं दप्तर यांच्यासाठी वर तीस. चारशे खुर्च्यांना २३० प्रती. डेमी १/८ (५.५ × ८.५ इंच) मापाची चार पानी पत्रिका १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम) मॅपलिथोवर, म्हणजे बिनथराच्या साध्या कागदावर, साधारण ६ ग्रॅमची होते, म्हणजे २३० प्रतींचं वजन १.४ किलो. हजार प्रती १३० जीएसएमच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर काढल्या तर तेच पावणेआठ किलोंवर जातं, कटाई आणि खराब शीट वेगळी.

अडचण जाहिरातदारांची असते. सराफ आणि काजू कारखानदार प्रतींच्या आकड्यावर पैसे देतात. अशा वेळी जाहिरातीची जागा पत्रिकेतून काढून मध्यंतरातल्या घोषणेला आणि दर्शनी फलकाला जोडा. हजार पत्रिकांपेक्षा चारशे कानांवर पडलेलं नाव महाग विकता येतं, हे आमच्या ओळखीच्या मंडळांना पटलं आहे.

आता मापाबद्दल, कारण इथे कागद मुकाट्याने वाया जातो आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. संगणकावर डिझाइन करणारी मुलं सवयीने ए-४ घेतात, मधोमध घडी घातली की ए-५ ची चार पानं. आपल्या बाजारात कागद मिळतो तो मात्र इंचांत : १८ × २३, २० × ३०, २३ × ३६. आमचं मिनी ऑफसेट साधारण १४ × २० इंची. त्यावर १८ × २३ ची शीट अर्धी करून, म्हणजे ११.५ × १८ इंच, चालवतो. साडेअकरा इंच म्हणजे २९२ मिमी आणि ए-४ ची लांबी २९७ मिमी. पाच मिलिमीटरने हुकतं! दोन बसायच्या ठिकाणी एकच बसतो आणि बाकीची शीट कटाईत जाते. यावर उपाय म्हणून काही छापखाने १५ × २० ची शीट घेतात. दोन ए-४ बसतात खरे, पण शीटचा ३६ टक्के भाग पट्ट्या होऊन खाली पडतो.

तेच काम उघडल्यावर ८.५ × ११ इंच आणि घडी घातल्यावर ५.५ × ८.५ इंच, म्हणजे डेमी १/८ केलं, की अर्ध्या शीटवर दोन नग बसतात आणि ९० टक्के कागद कामी येतो. वाचणाऱ्याला हाताला फरक कळतही नाही. पट्टी काढण्यापुरती आणि ग्रिपरपुरती (शीट पकडणाऱ्या चिमट्यापुरती) जागा राहते, तिथे चित्र कडेपर्यंत नेऊ नये. कडेपर्यंत रंग हवाच असेल तर माप आणखी पाव इंच कमी करा, शीट मोठी करू नका.

दोन नग एका शीटवर बसले की सेल्फ बॅक करता येतं. डाव्या अर्ध्यात बाहेरची बाजू, उजव्या अर्ध्यात आतली बाजू, एकाच प्लेटवर. एक बाजू छापून झाली की ग्रिपर तोच ठेवून शीट आडवी उलटायची आणि त्याच प्लेटने मागची बाजू छापायची. मधून कापलं की दोन पूर्ण पत्रिका. चार रंगांना आठऐवजी चार प्लेटी लागतात. ५१ × ४० सेंमी, ०.१५ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनिअम प्लेट सुमारे ८३ ग्रॅम भरते. आठ प्लेटी म्हणजे ६६० ग्रॅम. दीड किलोच्या आत कागद असलेल्या कामाला एवढा धातू! जुन्या प्लेटी भंगारात घेतात आणि वितळवून अ‍ॅल्युमिनिअम काढायला खनिजापासून काढण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे त्या कुंपणाला ठोकण्यापेक्षा भंगारात देणं चांगलं. भंगारात देण्याआधी त्यांच्यावरची शाई पुसून घ्यावी.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र खरा शत्रू हवा. कागद साधारण ५० टक्के आर्द्रतेत शांत असतो. आमच्याकडे पावसात ती ८५-९० च्या घरात जाते. रीम उघडी राहिली की कडा ओलावा ओढतात, मधला भाग तसाच राहतो आणि शीट लाटेसारखी होते. एकरंगी मशीनवर आज निळा, उद्या लाल असं केलं तर रात्रीत शीट वाढते, तीही धाग्याच्या (कागदातल्या तंतूंच्या) आडव्या दिशेला जास्त. दुसऱ्या दिवशी रंगावर रंग बसत नाही आणि कलाकाराच्या फोटोला दोन दोन ओठ दिसतात. अशा वेळी कारागीर पन्नास-साठ शीट जुळवाजुळवीत घालवतो. ११५ शीटच्या कामात एवढी खराबी म्हणजे निम्मा कागद.

उपाय साधे आहेत. रीम लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवायची. आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणायची, पण वेष्टण काम सुरू करतानाच फोडायचं. दोन रंगांच्या मध्ये गड्डी प्लास्टिकच्या कागदाने झाकायची. सगळे रंग एकाच दिवसात उरकायचे. मशीन लावताना जुन्या कामातली खराब शीटच वापरायची, नवा कागद रंग जुळल्यावरच. आणि खरं सांगायचं तर अर्धी लढाई डिझाइनमध्येच जिंकता येते. गणपतीतल्या नाटकाची पत्रिका दोन रंगांत करा, अक्षरं फक्त काळ्यात ठेवा, रंगीत पट्टीतून पांढरी बारीक अक्षरं काढू नका. रंग अर्धा मिलिमीटर सरकला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही अशी मांडणी असली की खराबी आपोआप उतरते.

लॅमिनेशन लोक का मागतात? एक तर चकाकी. दुसरं कारण आमच्याच धंद्यातलं : १७० जीएसएमचा आर्ट पेपर घडीवर तडकतो, पांढरी रेघ दिसते, मग "लॅमिनेशन करा, तडकणार नाही" असं सांगितलं जातं. तडकण्याचं कारण बहुधा घडी धाग्याच्या आडवी गेलेली असते. कागदाचा तुकडा फाडून बघा : धाग्याच्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. घडी धाग्याला समांतर ठेवली आणि आधी ट्रेडलवर क्रीझ मारली की फिल्मची गरजच राहत नाही. लॅमिनेशनची बीओपीपी (प्लास्टिक) फिल्म पल्परमध्ये, म्हणजे रद्दीचा लगदा करणाऱ्या यंत्रात, विरघळत नाही. रद्दीवाला अशी पत्रिका बाजूला काढतो, किंवा काढत नाही आणि ती चांगल्या रद्दीची प्रत बिघडवते. नाटकाच्या पत्रिकेला आम्ही लॅमिनेशन सुचवत नाही. सोनेरी फॉइलबद्दलही तेच.

कागद कोणता, तर ८० ते १०० जीएसएमचा मॅपलिथो. आर्ट पेपरवर चिनी माती आणि चुनखडीचा थर असतो. पुनर्वापरात तो गाळ म्हणून निघतो, आणि ओला झाला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. कोकणात जपून ठेवायची प्रत आर्ट पेपरवर नको. रिसायकल्ड कागद आम्ही वापरतो, पण त्याची भुकटी ब्लँकेटवर साचते, ठिपके उमटतात आणि धुणं वाढतं. पावसाळ्यात तो टाळतो, दिवाळीनंतर आनंदाने घेतो. हातकागद सुंदर असतो, मात्र त्याची जाडी सारखी नसल्याने ऑफसेटला चालत नाही. स्क्रीन किंवा ट्रेडलवरच काढावा. बियांचा कागद अधूनमधून विचारला जातो. बिया ब्लँकेट खराब करतात आणि पत्रिका खिशात घालून घरी जाणारा प्रेक्षक ती पेरत नाही. ते काम आम्ही घेत नाही.

शाईपेक्षा धुण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. रंग बदलला की रोलर आणि ब्लँकेट सॉल्व्हंटने पुसायचे, म्हणजे शाईने माखलेल्या चिंध्या. २०१६ च्या घातक कचरा नियमांत अशा चिंध्या स्पष्टपणे धरलेल्या आहेत. त्या जाळायच्या नाहीत, उघड्यावर ढीग करायचा नाही; तेलकट चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून अधिकृत उचल करणाऱ्याकडे द्यायच्या. धुतलेलं सॉल्व्हंट कॅनमध्ये निवळत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुढच्या पहिल्या धुण्याला चालतं. मागच्या व्हाळात (ओढ्यात) ते ओतण्याची सवय कुणाला असेल तर जांभ्या दगडाचा गुण लक्षात घ्यावा : जांभा सच्छिद्र, वर ओतलेलं शेजाऱ्याच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. फक्त काळ्या रंगातली सगळी कामं एका दिवशी आणि रंगीत कामं दुसऱ्या दिवशी लावली की धुणी निम्म्यावर येतात. फाउंटनच्या (प्लेट ओलवणाऱ्या) पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ४.८ ते ५.५ ठेवावा, त्याखाली गेला तर दमट हवेत शाई वाळत नाही, गड्डीत मागच्या पानावर छाप उठते आणि अख्खी थप्पी रद्दीत जाते.

चार रंगांच्या तीनशेच्या आतल्या प्रती आता आम्ही डिजिटलवर काढतो. प्लेट नाही, पाणी नाही, जुळवणीची खराबी दोन-चार शीट. टोनर (डिजिटलची भुकटी शाई) जाड कागदावर घडीवर सुटतो, म्हणून क्रीझ हवीच. एका काळ्या रंगातल्या पत्रिकेला मात्र ऑफसेटच बरं : सेल्फ बॅकने एकच प्लेट आणि तीही लगेच जुळते.

क्यूआर कोड लावून पत्रिकाच बंद करा, असंही सुचवलं जातं. दर्शनी भागात फळ्यावर कोड जरूर लावा. सभागृहात मात्र अंधार झाल्यावर पन्नास मोबाइल उजळलेले नटाला नको असतात, आणि गावच्या मांडवात रेंजचा भरवसा नाही. शिवाय नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा करणाऱ्यांची नावं छापील पत्रिकेतच टिकतात. पाच प्रती तरी मॅपलिथोवर काढून मंडळाच्या दप्तरी ठेवाव्यात.

पत्रिकेबद्दल एवढं बोलून दारावरच्या फ्लेक्सबद्दल गप्प बसणं बरं नव्हे. १० × ४ फुटांचा फ्लेक्स ३०० जीएसएम धरला तर १.१ किलोचा होतो, जवळपास सगळ्या पत्रिकांइतका, आणि तो पीव्हीसीचा. १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड, म्हणून त्यातून सुटतो. मांजरपाटावर रंगवलेला फलक तारखेची पट्टी बदलून वर्षानुवर्षं चालतो. "कापडी बॅनर" म्हणून छापून मिळतो तो बहुतेकदा पॉलिएस्टरचा असतो. कडेचा धागा पेटवून बघा : सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो.

दशावताराचं या बाबतीत कौतुक वाटतं. रात्रभर नाटक चालतं, संहिता नाही की पत्रिका नाही. आज कोणतं आख्यान आणि कोण कुठली भूमिका करतोय हे जत्रेतल्या माणसाला बरोबर ठाऊक असतं.

शेवटी मुद्रितशोधन, कारण एका चुकीच्या आडनावापायी सगळ्या प्रती पुन्हा छापाव्या लागतात. मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमधून युनिकोडमध्ये आणला की रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात : "मूर्ती", "वऱ्हाडी", "कर्णिक" असे शब्द वेगळे तपासा. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो नको, युनिकोडमध्ये टाइप केलेला द्या. आम्ही पीडीएफ पाठवतो ती मोबाइलवर न बघता कागदावर काढून एकाने मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मंडळाच्या यादीशी ताडावी. आयत्या वेळी बदलू शकणाऱ्या छोट्या भूमिकांची नावं पत्रिकेत न घालता फळ्यावर खडूने लिहा. तालमीत पात्रं पक्की झाल्यावरच छपाईला हिरवा कंदील द्या. एकरंगी काम असेल तर प्रयोगाच्या चार दिवस आधी मजकूर मिळाला तरी पुरतो, चार रंगांच्या ऑफसेटला आठवडा धरा, कारण प्लेटी कोल्हापूरहून घाट उतरून येतात.