राष्ट्रीयत्वाचा रकाना : जनगणनेच्या कामातला माझा अनुभव

जनगणनेत नागरिकत्व विचारावं की नाही, यावर हल्ली जो तो मत देतो. देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हा प्रश्न कुणाच्या तरी उंबऱ्यावर उभं राहून विचारला असेल. २०१० च्या उन्हाळ्यात मी नाशिक शहरात पर्यवेक्षक होतो. हाताखाली सहा प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माहिती लिहून घेणारे, सगळे शिक्षक. त्या वर्षी राष्ट्रीयत्वाचा रकाना होता आणि आमचं काम अडलं ते तिथेच. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नजरी नकाशा, घरांवर क्रमांक टाकणं, घरयादीचे (जनगणनेच्या पहिल्या टप्प्याचे) ३५ प्रश्न, यात काही विशेष नाही. छत कशाचं, पाणी कुठून, गॅस आहे का, लोक सांगतात. या वेळी प्रगणक म्हणून जाणाऱ्यांनी एकच लक्षात ठेवा : गंगापूर रोड, इंदिरानगरच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगच्या कोपऱ्यात वॉचमनची खोली असते. तिथे चूल पेटते, माणसं झोपतात, म्हणजे तिला स्वतःचा घरक्रमांक हवा. बरेच जण ती सोडून थेट लिफ्टकडे जातात.

आता मूळ भानगड. त्या वर्षी एका फेरीत दोन कामं होती. घरयादी हे १९४८ च्या जनगणना कायद्याखालचं काम. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणी, म्हणजे एनपीआर, हे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखालचं, २००३ च्या नियमांनुसार. दार एक, मास्तर एक, पिशवी एक आणि कायदे दोन. घरातल्या माणसाला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण फरक मोठा आहे. जनगणना कायद्याच्या कलम १५ मुळे तुमची नोंद कुणाला पाहायला मिळत नाही, आणि त्या कायद्याखालचा खटला सोडला तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. २००३ च्या नियमांत याच्या उलट व्यवस्था आहे : स्थानिक नोंदवहीचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या, आणि ज्याच्या नागरिकत्वाबद्दल शंका वाटेल त्याच्या नावापुढे तसा शेरा मारायचा. एका कागदाला गुप्ततेचं कवच, दुसऱ्याला नाही. दोन्ही एकाच पिशवीतून निघाले की लोक दुसऱ्याचा संशय पहिल्यावर काढतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

एनपीआरच्या नमुन्यात नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, आई-वडिलांची नावं, पती किंवा पत्नीचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ अशी माहिती होती आणि त्यातच राष्ट्रीयत्व, ‘सांगितल्याप्रमाणे’. म्हणजे समोरचा म्हणेल ते लिहायचं. पुरावा मागायचा नाही, वाद घालायचा नाही. या नोंदीमुळे नागरिकत्वाचा कोणताही हक्क मिळत नाही, हेही स्पष्ट केलेलं होतं. तर मग या उत्तरातून हाती काय लागतं? ज्याला लपवायचं आहे तो ‘भारतीय’ म्हणेल आणि आपण ‘भारतीय’ लिहू. ज्याला लपवायचं काहीच नाही तो मात्र घाबरेल.

हे गाडं अडलं चार्जच्या, म्हणजे आमच्या भागाच्या जनगणना कार्यालयाच्या, टेबलावर. भरलेले नमुने गठ्ठा बांधून जमा करायचे आणि तिथे ते तपासले जायचे. आमचे गठ्ठे तीन कारणांनी परत यायला लागले. पहिलं, पहिल्या ओळीत ‘भारतीय’ लिहून खाली टिंबं किंवा ‘वरीलप्रमाणे’. हे परत येणं योग्यच होतं. राष्ट्रीयत्व माणसागणिक विचारायचं असतं, घराला एक नव्हे. दुसरं, रकाना कोरा. तेही बरोबर. तिसरं कारण मात्र कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं होतं : जन्मस्थळ भारताबाहेरचं आणि राष्ट्रीयत्व भारतीय असेल, तर लाल शाईत शेरा, ‘पुरावा जोडावा’.

नाशिकमध्ये असा शेरा म्हणजे काय, ते पाहा. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं देवळाली कॅम्पात आहेत, शहरातही आहेत. आजोबांचा जन्म कराचीचा किंवा सक्करचा. देश बाहेरचा असेल तर त्याचं आजचं नाव लिहायचं, म्हणून जन्मस्थळ पाकिस्तान. राष्ट्रीयत्व भारतीय. दोन्ही नोंदी खऱ्या. संविधानाच्या अनुच्छेद ६ मध्ये अशाच लोकांची सोय आहे : १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांची एक रीत, नंतर आलेल्यांना नोंदणी. हे सगळं एका रकान्यात मावत नाही, आणि मावावं अशी अपेक्षाही नव्हती. पण टेबलावरच्या माणसाला दोन शब्द शेजारी खटकले की गठ्ठा परत.

गठ्ठा परत आला की पुढे काय होतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. नमुना स्कॅनिंगला जाणारा, म्हणून व्हाइटनर चालत नाही, गिरवलेलं चालत नाही. दुरुस्ती जास्त असेल तर नवा नमुना भरायचा. नव्या नमुन्यावर माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा नव्याने हवा, म्हणजे त्याच घरी पुन्हा जाणं आलं. सगळ्या गल्लीत नव्हे, फक्त त्या एका घरी. मास्तर त्यांच्याकडे दुसऱ्यांदा का आले, हे शेजारी बघतात. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं की यांच्या कागदात काहीतरी निघालंय. दुसऱ्या दिवशी पुढच्या घरांमधली माणसं कमी व्हायला लागतात. भाडेकरू गावाला गेलेले असतात, मेहुणा कधी राहतच नव्हता. दोरीवर सहा जणांचे कपडे आणि नमुन्यावर चार नावं.

नुकसान झालं ते इथे. राष्ट्रीयत्वाचं उत्तर चुकलं असतं तर फारसं बिघडलं नसतं, कारण ते कुणी तपासणारच नव्हतं. पण माणसं लपवायची ही सवय फेब्रुवारी २०११ च्या मोजणीपर्यंत टिकली तर माणसांचा आकडाच चुकतो, आणि मग सगळंच चुकतं. अन्नसुरक्षा कायद्यातली लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवर ठरली. प्रभागांच्या राखीव जागा त्याच आकड्यांवर. नाशिक महापालिका हद्दीतली १४,८६,०५३ ही लोकसंख्या आजही सगळे अर्ज-अहवाल वापरतात. त्यात जो मोजला गेला नाही तो पुढचा दीड दशक मोजलेला नाही.

सुटका कशी झाली ते सांगतो, उपयोगी पडेल. तोंडी भांडून काही होत नाही. आम्ही परत आलेल्या नमुन्यांना हात न लावता एक अग्रेषण पत्र केलं, त्याला सूचना पुस्तिकेतल्या त्या पानाची झेरॉक्स लावली आणि लिहिलं की वरील सूचनेनुसार नोंद ‘सांगितल्याप्रमाणे’ घेतली आहे, पुरावा मागायचा असल्यास तसा लेखी आदेश द्यावा. आवक क्रमांक घेतला. लेखी आदेश आला नाही. गठ्ठे मात्र आले तसे स्वीकारले गेले. लाल शेरा मारायला कुणाचं काही जात नाही, सहीनिशी आदेश काढताना हात आखडतो. सरकारी कामात ही युक्ती कुठेही चालते.

सिंधी आजोबांपेक्षा अवघड दोन प्रकार आणखी. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधला विक्रेता. त्याच्याकडे परदेशी म्हणून नोंदणी केल्याचं प्रमाणपत्र असतं, ज्याला ते लोक आरसी म्हणतात. विचारलं तर ‘तिबेटी’ सांगतो. पण त्याचा जन्म भारतात २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी झाला असेल, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे तो जन्माने भारतीय आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने हे मान्य केलेलं आहे. प्रगणकाने काय लिहायचं? तो सांगेल ते. ‘अहो, तुम्ही तर भारतीय’ असं मास्तरांनी समजावायचं नाही, तसंच ‘भारतीय’ म्हणाला तर आरसी दाखवा असंही म्हणायचं नाही.

दुसरा प्रकार त्या पार्किंगमधल्या खोलीतला. नवरा नेपाळी, बायको इथलीच, पोरगं सिव्हिल हॉस्पिटलात जन्मलेलं. नवरा सगळ्यांचं एकदम ‘नेपाळी’ सांगून मोकळा होतो. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचं एक पालक भारतीय आणि दुसरं बेकायदा आलेलं नसेल तर मूल भारतीय. नेपाळच्या नागरिकाला इथे यायला व्हिसा लागत नाही. म्हणजे एका खोलीत दोन देश असू शकतात. म्हणूनच प्रत्येकाचं वेगळं विचारायचं, आणि बाईला बाईचं विचारायचं.

कायद्याच्या या तारखा मला पाठ झाल्या त्या याच रकान्यामुळे. चाळीस अंशांच्या उन्हात घरोघर फिरणाऱ्या शिक्षकाला त्या येत नसतील तर दोष त्याचा नाही. नागरिकत्व ठरवणं हे दोन-तीन कायदेशीर कसोट्यांचं काम आहे, दारातल्या दोन मिनिटांचं नाही.

हा प्रश्न विचारणंच पाप, असं काही माझं मत नाही. आपल्याकडे १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेत राष्ट्रीयत्व विचारलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत विचारतात, कॅनडात विचारतात. अमेरिकेत मात्र यावरून मोठं रण माजलं. मार्च २०१८ मध्ये तिथले वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांनी २०२० च्या जनगणनेत हा प्रश्न घालायचं ठरवलं, कारण दिलं मतदान हक्क कायद्याच्या अंमलबजावणीचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २७ जून २०१९ ला निकाल लागला. न्यायालयाने प्रश्न विचारण्याचा अधिकार नाकारला नाही, पण दिलेलं कारण बनावट वाटतं म्हणून प्रश्न अडवला. फॉर्म त्या प्रश्नाशिवाय छापले गेले. नागरिकत्वाची आकडेवारी तिथे एका वेगळ्या नमुना सर्वेक्षणातून, म्हणजे निवडक घरांना विचारून, दरवर्षी मिळतेच, त्यासाठी प्रत्येक दार ठोठवावं लागत नाही. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. अंदाज हवा असेल तर नमुना सर्वेक्षण करा, कुणाचं नागरिकत्व ठरवायचं असेल तर त्याची रीतसर सुनावणी करा. दोन्ही गोष्टी डोकी मोजायच्या कामात कोंबू नका.

‘मग घुसखोर मोजायचे कसे?’ असं लगेच विचारतात. ‘सांगितल्याप्रमाणे’ रकान्याने तर नक्कीच नाही. आसाममध्ये कागदपत्रं तपासून नागरिकांची यादी (एनआरसी) केली, ३१ ऑगस्ट २०१९ ला शेवटची यादी आली, १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. तिथे कागद तपासून हे झालं. इथे तर आम्ही कागद बघतही नव्हतो.

त्या यादीनंतर दाराची हवाच बदलली. २०२० च्या एनपीआरमध्ये आई-वडिलांचं जन्मस्थळ आणि जन्मतारीखही विचारणार असं ठरलं, तेव्हा मालेगावात जन्मदाखल्यांसाठी रांगा लागल्या होत्या. करोनामुळे ते कामच मार्च २०२० मध्ये पुढे ढकललं. २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदारयादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, त्यात कागद मागितले गेले. आता अडचण अशी की बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम करणारा, म्हणून येतो तोही मास्तर आणि प्रगणक म्हणून येतो तोही मास्तर, कधीकधी तोच. तेव्हा पहिलं वाक्य नमस्कार-चमत्कार झाल्यावर हेच ठेवा : ‘हे मतदारयादीचं काम नाही, एकही कागद लागणार नाही.’ कुणी आधारकार्ड पुढे केलंच तर हात लावू नका. एकाचं पाहिलंत की पुढच्या दहा घरांत लोक फाइल काढून बसतात.

या वेळच्या, म्हणजे २०२७ च्या जनगणनेच्या, घरयादीसाठी जे ३३ प्रश्न अधिसूचित झाले, त्यांत राष्ट्रीयत्व नाही. शेवटचा प्रश्न मोबाइल नंबरचा आहे, आणि आता लोक राष्ट्रीयत्वाला नाही तेवढे त्याला बिचकतात. ओटीपी, बँक, आधार यातलं काही विचारणार नाही हे नंबर मागायच्या आधी सांगा, नंतर नव्हे. लोकगणनेचा, म्हणजे माणसं मोजायचा दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ चा, त्यात जातही आहे. फेब्रुवारी २०११ चा अनुभव असा की त्या वेळच्या २९ प्रश्नांत जन्मस्थळ होतं, राष्ट्रीयत्व नव्हतं, आणि उन्हाळ्यात कुरकुरलेल्या घरांनी ‘कराची’ बिनदिक्कत सांगितलं.

एक विसरलो होतो. जनगणना कायद्याच्या कलम ८ प्रमाणे रूढीने नवऱ्याचं नाव घेत नसलेल्या बाईवर ते सांगायची सक्ती नाही. घरातल्या बायकांची नावं सांगायलाही कुणी बांधील नाही. ‘हजार रुपये दंड होईल’ अशी धमकी देणाऱ्या प्रगणकाला हे कलम दाखवा. दंडाची तरतूद आहे, पण ती अशा बाईसाठी नाही. तिची जाऊ किंवा शेजारीण नाव सांगून टाकतेच.

आणि तपोवन किंवा त्र्यंबकचा मोजणीचा गट ज्यांच्या वाट्याला येईल त्यांच्यासाठी : सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, म्हणजे फेब्रुवारीत आखाड्यांत साधू असू शकतात. संन्याशाला पूर्वाश्रम विचारत नाहीत, आणि विचारला तरी तो सांगत नाही. जन्मस्थळाला ‘माहीत नाही’ आलं तर तसंच नोंदवा आणि पुढच्या माणसाकडे वळा. महंतांना आदल्या दिवशी भेटून वेळ ठरवून घ्या. सकाळी पूजा आटोपल्यावर सगळे एका जागी भेटतात, दुपारी कुणी भेटत नाही.