तुम्ही विचारलंत म्हणून: डावीकडची चेन

सिग्नलला थांबलो की कुणीतरी विचारतंच, "डाव्या बाजूलाही चेन कशाला?" आमची टँडम आहे, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. पुढे मी, मागे दादा. दादाला दिसत नाही, पण पायांचा जोर त्याचा माझ्याहून जास्त.

डावीकडची ती टायमिंग चेन. ती पुढची आणि मागची क्रँक, म्हणजे पॅडल ज्याला बसतं तो हात, जोडते. माझा जोर तिच्यावरून दादाच्या क्रँककडे येतो, तिथल्या अॅक्सलमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्रँक जोडणाऱ्या आसातून, उजवीकडे जातो आणि मग नेहमीची चेन चाक फिरवते. दोन्ही चेन उजवीकडेच ठेवायचीही पद्धत आहे. त्यात साध्या सायकलच्या क्रँक चालतात, खर्च वाचतो. सपाट रस्त्यांसाठी मी तीच सुचवीन. पण त्यात मागच्या क्रँकच्या तीन चेनव्हीलपैकी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकांपैकी) एक टायमिंग चेनला द्यावं लागतं. आम्ही कात्रज घाट चढतो. लहान चेनव्हील चढासाठी राखलं, तर उतारावर मोठं उरत नाही.

डावी बाजू निवडलीत तर आटे जपा. आमच्या पहिल्या जोडणीत एका दुकानात डावीकडे चक्क उजव्या क्रँक बसवल्या होत्या, कारण चेनव्हील लावायची सोय त्यांनाच होती. खेड शिवापूरच्या अलीकडे दादा म्हणाला, "अरे, पॅडल हलतंय." थांबेपर्यंत ते निघून आलं, आणि क्रँकचे आटेही गेले. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात ते याचसाठी. पायाचा भार पॅडलच्या दांड्याभोवती गोल फिरत राहतो, त्यामुळे दांडा आट्यांत कणाकणाने उलट दिशेला सरकतो. आटे बरोबर असतील तर तो आवळत जातो, चुकीचे असतील तर सुटत. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी 1900 मध्ये आपल्या सायकलींना हीच सोय केली होती. टँडमच्या डाव्या क्रँक वेगळ्याच मिळतात. महाग आहेत, पण त्यात काटकसर नको. मागे बसलेल्या माणसाचा पाय त्यावर असतो.

टायमिंग चेन ढिली झाली की उतरते. परत चढवताना एक दात चुकला, तरी 40 दातांच्या चेनव्हीलवर दोघांच्या पॅडलमध्ये 9 अंशांचा फरक पडतो. मला तो नीट कळतही नाही, दादाच्या तळव्याला लगेच कळतो. म्हणून रविवारी निघण्याआधी तो खाली बसून चेन दोन बोटांनी वर-खाली करून बघतो. पुढच्या क्रँकचा अॅक्सल ज्या नळकांड्यात बसतो, त्यात तो मधोमध नसतो, जरा बाजूला असतो. ते नळकांडं फिरवलं की अॅक्सल पुढे सरकतो आणि चेन ताणली जाते. मी ते पान्याने थोडं थोडं फिरवतो, दादा "बास" म्हणेपर्यंत.