तारीख चौदा, रातपाळी तेराची

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये फर्स्ट शिफ्ट सकाळी साडेसहा ते तीन, सेकंड तीन ते रात्री साडेअकरा आणि थर्ड साडेअकरा ते सकाळी साडेसहा. पहिल्या दोन साडेआठ तासांच्या, तिसरी सात तासांची. जेवणाचा अर्धा तास वजा केला की कामाची मिनिटं उरतात ४८०, ४८० आणि ३९०. ७५ सेकंदांच्या सायकल टाइमला, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेला, पहिल्या दोन शिफ्टचे ३८४ नग होतात, थर्डचे ३१२. दिवसाच्या प्लॅनचे सरळ तीन भाग करणाऱ्याला रातपाळी कायम मागे पडलेली दिसते, ती यामुळेच.

त्या दिवशी मात्र प्रश्न नग किती झाले याचा नव्हता, नग कोणत्या दिवसाचे हा होता.

सकाळी ग्राहकाचा फोन आला. नगातलं ३२ मिमीचं भोक (बोअर) मोठं निघालंय, नगावर ठसा १४ तारखेचा आहे, १४ चा सगळा माल रोखा. रूट कार्डावर, म्हणजे ट्रेसोबत फिरणाऱ्या कार्डावर, १४ तारीख असलेले सगळे ट्रे स्टोअरने बाजूला काढले, लाल टॅग लावले आणि शंभर टक्के तपासणी सुरू झाली. दुपार झाली तरी एक नग बाद निघेना. तिकडे १३ चं कार्ड लावलेले ट्रे बिनधास्त गाडीत चढत होते.

मी प्लॅनिंगला. कार्ड आणि नग पॅकिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा उलगडा झाला. कार्डावर ‘१३, थर्ड’ आणि नगावर डॉट मार्किंगने कोरलेलं १४. टेबलावरचा ऑपरेटर म्हणाला, “साहेब, रातच्याला बारा वाजले की ठसा बदलतो. कार्ड नाही बदलत.”

मार्किंग मशीन तारीख घेतं पीसीच्या घड्याळावरून, आणि तिथे मध्यरात्री दिवस पालटतो. कार्ड, फर्स्ट पीस रिपोर्ट आणि तासाचं शीट हे सगळं शिफ्ट सुरू झाली त्या तारखेवर चालतं. म्हणजे १४ चा ठसा असलेल्या मालात १३ च्या रातपाळीचे शेवटचे साडेसहा तास आले, १४ ची फर्स्ट आली, सेकंड आली आणि १४ च्या रातपाळीचा पहिला अर्धा तास आला.

गाडी थांबवली आणि मशीनच्या कंट्रोलची हिस्टरी काढली. रात्री सव्वा वाजता बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, बदलला होता. पहिला नग मोजून ३ मायक्रॉनचा, म्हणजे ०.००३ मिमीचा ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) द्यायचा होता, तिथे ०.००३ ऐवजी ०.०३ गेलं. ३२ एच७ (३२ मिमी भोकाच्या मापाची श्रेणी) चा सगळा टॉलरन्सच, म्हणजे मापातली सूटच, २५ मायक्रॉनची आणि वाढ २७ ची, म्हणजे एकही नग मापात बसणं शक्य नव्हतं. ऑफसेटनंतरचा नग मोजलाच नाही. २:२० च्या तासाच्या तपासणीत नो-गो गेज (बरोबर मापाच्या भोकात जाऊच नये असा गेज) आत गेला, तेव्हा चूक कळली. ६५ मिनिटांत ५२ नग झाले होते. ट्रेमधले १२ तिथेच अडवले, पण वीस-वीसचे दोन भरलेले ट्रे आधीच वॉशिंगला गेले होते, कार्डावर १३ तारीख घेऊन.

उपाय छोटा आहे, पण तो सगळीकडे एकदम लागू करावा लागतो. उत्पादनाचा दिवस फर्स्ट शिफ्टपासून दुसऱ्या दिवशीच्या फर्स्ट शिफ्टपर्यंत. चालू वेळेतून साडेसहा तास वजा करायचे, जी तारीख येईल ती उत्पादनाची. ‘साडेसहाच्या आत असेल तर तारखेतून एक वजा’ असं लिहिणारे महिन्याच्या एक तारखेला फसतात, कारण तिथे ‘शून्य तारीख’ तयार होते. ठशात शिफ्टचं अक्षरही घ्यायचं. मार्किंगचा पीसी, सीएनसी, हजेरीचं मशीन यांची घड्याळं एकमेकांशी जुळवायची. खरी वेळ मात्र वेगळ्या रकान्यात ठेवायचीच, ती पुसली तर असा तपास पुढे सरकत नाही.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या व्याख्येत दिवस मध्यरात्रीपासून मोजत. पण रातपाळीसाठी कलम ५७ होतं. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे आणि कामगाराचा पुढचा दिवस शिफ्ट सुटल्यावर सुरू. त्यामुळे आठवडी सुट्टीच्या सकाळी साडेसहाला सुटणारी पाळी आदल्या दिवसाची. तसं धरलं नाही, तर सुट्टीच्या तारखेला माणसांशिवाय उत्पादन दिसतं आणि मशीनच्या वापराची टक्केवारी भलतीच येते.

बिल आणि ई-वे बिल कॅलेंडरच्याच तारखेने निघतात, तिथे हात लावायचा नाही. खरी ओढाताण होते ३१ मार्चला. हिशेबाचं वर्ष मध्यरात्री संपतं, लाइन मात्र चालूच. सोपी रीत अशी की १ एप्रिलला सकाळी साडेसहाला लाइन थांबवून मोजणी करायची. तयार मालातून मध्यरात्रीनंतर झालेले ओके नग वजा करायचे आणि त्या वेळेत गाडीत चढलेले मिळवायचे. कच्च्या मालाचं उलट, वापरलेला मिळवायचा, आलेला वजा करायचा. लाइनवर अर्धवट असलेले नग ऑपरेशननुसार वेगळे लिहायचे, ते कुठल्याच ढिगात टाकायचे नाहीत.