कार्ताहेनाचे चार दिवस

हाताशी चारच दिवस आहेत, म्हणून बेटांची सहल मी सरळ काढून टाकली. हे थोडे हिरमुसले, पण कोलंबियातल्या या शहरात मला समुद्रापेक्षा माणसं आणि तटबंदी बघायची आहे. शहर १५३३ सालचं, १९८४ पासून जागतिक वारसा. पहिली सकाळ सान फेलिपे किल्ल्याला, ऊन चढायच्या आत. तिथल्या भुयारांत हळू बोललेलंही लांबवर ऐकू जातं. शत्रूची चाहूल लागावी म्हणून तशी रचना. आम्ही दोघं दोन टोकांना उभं राहून बोलून बघणार आहोत!

एक अख्खा दिवस मात्र सान बासिलिओ दे पालेंकेसाठी. गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकी माणसांनी वसवलेलं हे गाव. स्पॅनिश आणि बांटू भाषांच्या मिसळणीतून झालेली पालेंकेरो तिथे आजही बोलली जाते. कार्ताहेनात डोक्यावर फळांची पाटी घेऊन फिरणाऱ्या, रंगीत झग्यांतल्या पालेंकेरा बायकांचं मूळ इथलंच. त्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं, पैसे द्यायचे. त्यासाठी सुटे पेसो वेगळ्या पाकिटात.

संध्याकाळी शहरातल्याच हेत्सेमानी या जुन्या वस्तीतल्या त्रिनिदाद चौकात, चर्चसमोर नुसतं बसायचं. तिथलं काहीच ठरवलेलं नाही.