जोडखोलीतले गरम पाणी

मूळ घराला लागून बांधलेल्या खोलीत आईची राहण्याची सोय करायची ठरली, तेव्हा मला सर्वांत जास्त विचार करावा लागला तो न्हाणीघराचा. घरातल्याच गीझरवरून पाइप ओढावा, हा पहिला विचार मी लवकरच सोडला. कारण आतून 15 मिलिमीटर व्यासाच्या 15 मीटर पाइपमध्ये सुमारे अडीच लिटर पाणी साचून थंड होते आणि प्रत्येक आंघोळीआधी तेवढे वाया जाते.

इन्स्टंट गीझर आटोपशीर असतो, हे खरे. परंतु 3 किलोवॅटचा गीझर पाण्याचे तापमान 20 अंशांनी वाढवायचे असेल तर मिनिटाला जेमतेम 2 लिटर पाणी देऊ शकतो, आणि एवढ्याशा धारेवर शॉवर चालत नाही, बादलीच भरावी लागते. याउलट 25 लिटरच्या साठवण गीझरमधले 60 अंशांचे पाणी 20 अंशांच्या तेवढ्याच पाण्यात मिसळले, की 40 अंशांचे सुमारे 50 लिटर पाणी मिळते. म्हणून मी तोच घेतला. त्याचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह मात्र कधीही बंद करू नये.

दाबाचा प्रश्न उरतोच. टाकी शॉवरपेक्षा 2 मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.2 बार मिळतो, त्यामुळे मोठ्या तबकडीचा शॉवर मनातून काढून टाकून मी कमी दाबावर चालणारा हातशॉवर निवडला. आईला बसून आंघोळ करताना तो हाती धरता येतो, आणि थर्मोस्टॅटिक मिक्सरमुळे, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळून ठरवलेले तापमान राखणाऱ्या नळामुळे, अंगावर अचानक कढत पाणी येण्याची धास्ती राहत नाही.